तलावांच्या जिल्ह्यात : आमगावहून नवेगाव-नागझिरा

मुंबई-हावडा लोहमार्गावरील आमगाव हे स्थानक व्यापारी कुटुंबांना धान आणि तांदळाच्या उलाढालीमुळे परिचित आहे. गोंदिया जिल्ह्यातील भातगिरण्या, अडतीची दुकाने, तेंदूपाने व विड्यांचा जुना व्यवसाय यांच्या निमित्ताने अनेक घराणी पिढ्यान्पिढ्या या भागात स्थिरावली. वऱ्हाड, मारवाड आणि गुजरातेतील नातेवाईक लग्नकार्याला येथे येतात, दोन दिवस राहतात आणि परत जातात. मात्र गाडीच्या खिडकीतून पावसाळ्यात व हिवाळ्यात जे पाणी सतत चमकत असते, ते पाहण्यासाठी सहसा कोणी थांबत नाही. सुटीत सहकुटुंब थायलंडच्या किनाऱ्यावर जाऊन आलेल्या मुलांना आपल्या गावापासून काही तासांच्या अंतरावर देशातील एक उत्तम जलसंपन्न अभयारण्य आहे, हे ठाऊक नसते.

गोड्या पाण्याची तळी, भोवती घनदाट अरण्य आणि त्या तळ्यांत पोहण्याची मुभा, अशी स्थळे जगात प्रसिद्ध आहेत. डोमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशात पुंता काना येथे ‘ओहोस इंदिहेनास’ नावाचे खासगी राखीव वन आहे. तेथे गोड्या पाण्याची बारा तळी असून त्यांपैकी मोजक्याच तळ्यांत पाहुण्यांना उतरता येते. उरलेली तळी पक्ष्यांसाठी, कासवांसाठी आणि झाडांसाठी राखलेली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील लिचफिल्ड राष्ट्रीय उद्यानात वांगी आणि फ्लॉरेन्स या धबधब्यांखालील डोहांत लोक पोहतात. परंतु पावसाळ्यात पाणी वाढले किंवा मगरींचा धोका निर्माण झाला की ते डोह बंद केले जातात. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे. कोणते पाणी माणसाचे आणि कोणते पाणी वन्यजीवांचे, हे आधी ठरलेले असते व ते पाळले जाते. गोंदिया जिल्ह्याची सहल आखताना हेच तत्त्व प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

कोहळी समाजाचा ठेवा

भंडारा आणि गोंदिया हा प्रदेश ‘तलावांचा जिल्हा’ म्हणून ओळखला जातो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तलाव मात्र दोघांचेही राहिले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. सरकारी कागदांत त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात आणि लोक त्याचेच आद्याक्षरांवरून ‘मामा तलाव’ असे नाव करून टाकतात.

यांतील बहुतेक तलावांचे श्रेय कोहळी समाजाला दिले जाते. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे, अशी परंपरा सांगतात. ही व्यवस्था विचारपूर्वक केलेली होती. राजाला रोख रक्कम द्यावी लागत नसे. बांधणाऱ्याचा मोबदला त्याच्या कामाच्या गुणवत्तेवर अवलंबून असे. पाळ फुटली तर जमीन कोरडी आणि मेहनतही वाया. त्यामुळे चढ-उताराचा अंदाज, मातीची पारख आणि सांडव्याची जागा यांविषयीचे ज्ञान या समाजात पिढ्यान्पिढ्या मुरत गेले.

या तलावांची रचना साधी आहे. दोन टेकड्यांमधील उतारावर मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवायचे, जास्तीचे पाणी एका बाजूच्या सांडव्यावरून खालच्या तलावात जाऊ द्यायचे आणि पाळीतून बाहेर पाणी सोडण्यासाठी ‘तुडुम’ बसवायचे. तलावातले पाणी जसे उतरते तसे तुडुमाचे वरचे तोंड सोडून खालचे तोंड उघडतात. गावातल्या लहान साठ्याला ‘बोडी’ म्हणतात. वरच्या तलावाचे उरलेले पाणी खालच्या तलावाला, खालच्याचे त्याहून खालच्या बोडीला, अशी ही साखळी असते.

धानाच्या व्यापाऱ्याने या साखळीकडे वेगळ्या दृष्टीने पाहावयास हवे. आषाढात पऱ्हे टाकले जातात, रोवणी होते आणि भाद्रपदापर्यंत पाऊस बांधी भरून ठेवतो. खरा प्रश्न पुढे येतो. लोंबी बाहेर पडण्याच्या सुमारास पावसाने पाठ फिरवली तर भारी धानाला एक-दोन पाण्यांची निकड भासते. तेवढे पाणी तलावाने दिले तर दाणा भरतो. न दिले तर गिरणीत तुकडा आणि कोंडा अधिक निघतो. दिवाळीनंतर अडतीत येणाऱ्या मालाचा दर्जा असा कित्येकदा आश्विनातल्या तलावाच्या पातळीवर ठरलेला असतो. तलाव ही या प्रदेशाची मुद्दल आहे. धान हे तिच्यावरचे वार्षिक व्याज.

नवेगावबांध

आमगावहून देवरीमार्गे राष्ट्रीय महामार्गावर यावे आणि कोहमारा येथून दक्षिणेकडे वळावे, म्हणजे अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध गाठता येते. येथील जलाशय सुमारे अकरा चौरस किलोमीटर पसरलेला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे मानले जाते. जलाशयाभोवतीच्या टेकड्यांना लोक ‘सातबहिणी’ म्हणतात. बांध टिकत नव्हता तेव्हा या सात बहिणींनी साहाय्य केले अशी आख्यायिका आहे. कोलू पाटलांना लोकांनी पुढे देवत्व दिले. ‘कोलासूर’ या नावाने त्यांचे स्थान तेथील टेकडीवर आहे. ज्याने पाणी अडवले त्याला समाजाने देव्हाऱ्यात बसवले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

१९७५ मध्ये या परिसरातील सुमारे १३४ चौरस किलोमीटर वनाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. अरण्यात साग, ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू आणि बांबू आहे. हिवाळ्यात जलाशयावर स्थलांतरित पक्षी उतरतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब, केशरी रंगाचे चक्रवाक आणि नाना जातींची बदके येथे दिसतात. कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी आणि क्षणात बुडी मारून दूरवर डोके काढणारी टिबुकली ही येथील कायमची मंडळी. पक्ष्यांच्या या वैभवामुळेच डॉ. सालिम अली यांचे नाव येथील पक्षी अभयारण्याला दिलेले आहे.

मराठी वाचकाला नवेगावबांध मारुती चितमपल्ली यांच्यामुळे ठाऊक असते. वनाधिकारी म्हणून त्यांनी येथे दीर्घ काळ काढला आणि येथील पक्षी, झाडे व माणसे मराठी ललित गद्यात आणली. ‘चकवाचांदण’ हे त्यांचे आत्मकथन सहलीपूर्वी वाचून यावे. २००६ मध्ये सोलापूर येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. गावातील जुन्याजाणत्या माणसांकडून, ढीवरांकडून आणि वनमजुरांकडून आपण शिकलो, हे त्यांनी लेखनात वारंवार नोंदवले आहे.

येथून जवळच गाढवी नदीवरील इटियाडोह हा मोठा प्रकल्प आहे. त्याच्या शेजारी गोठणगाव परिसरात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिमालयापलीकडचे पक्षी आणि हिमालयापलीकडची माणसे एकाच तालुक्यातील पाण्याकाठी विसावली, हा योगायोग मुलांना आवर्जून सांगण्यासारखा आहे.

नागझिरा

नागझिऱ्याचे अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १५३ चौरस किलोमीटर आहे. अरण्याच्या मधोमध असलेला नागझिरा तलाव हे त्याचे हृदय. डोंगरातून पाझरणाऱ्या झऱ्यामुळे उन्हाळ्यातही येथे पाणी असते आणि या ‘झिऱ्या’वरूनच नाव पडले असे सांगतात. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा, कोका ही वनक्षेत्रे एकत्र करून राज्यातील पाचवा व्याघ्रप्रकल्प अस्तित्वात आला. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६५६ चौरस किलोमीटर आहे.

वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट धरून येणाऱ्यांची येथे बहुधा निराशा होते. येथील वाघांची संख्या ताडोबाइतकी नाही. पुढे उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात देशभर गाजलेला आणि २०१६ मध्ये अचानक दिसेनासा झालेला ‘जय’ हा वाघ मूळचा नागझिऱ्याचाच. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून दोन वाघिणी आणून येथे सोडण्यात आल्या. गवे, सांबर, चितळ, अस्वले आणि रानकुत्रे यांचे दर्शन मात्र धीर धरणाऱ्याला घडते. उन्हाळ्याच्या सकाळी पाणवठ्याजवळ गाडी थांबवून अर्धा तास शांत बसले, तर जंगल स्वतःहून पाण्यावर येते.

सफारीची आगाऊ नोंदणी करावी लागते आणि ओळखपत्र जवळ असावे लागते. चोरखमारा, मंगेझरी आणि पिटेझरी ही नागझिऱ्याची प्रवेशद्वारे होत. पावसाळ्यात, साधारणतः जुलै ते सप्टेंबर, प्रकल्प पर्यटनासाठी बंद असतो. दुपारची फेरी सूर्यास्ताच्या सुमारास संपते, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या कुटुंबांनी सकाळची फेरी निवडणे सोयीचे. घरून गाळून-उकळून आणलेले पाणी व कोरडा शिधा जवळ असावा. रिकामी वेष्टने मात्र परत आणावीत.

पाण्यात उतरावे की नाही?

लहान मुले हा प्रश्न प्रथम विचारतात आणि मोठ्यांनी त्याचे उत्तर आधीच तयार ठेवले पाहिजे. राष्ट्रीय उद्यान व अभयारण्यातील कोणत्याही तलावात पोहण्यास मनाई आहे. सफारीत ठरलेल्या जागेखेरीज गाडीतून खाली पाय ठेवण्यासही परवानगी नसते. त्यामागे सरकारी हेकेखोरपणा नाही. उन्हाळ्यात दहा-बारा कोसांतील सर्व प्राणी एका तलावावर अवलंबून असतात. माणसांचा गलका झाला की ते दिवसभर तहानलेले राहतात.

पाण्यात पाय बुडवण्याची हौस असेल तर लोकांची पावले हाजरा धबधब्याकडे वळतात. सालेकसा तालुक्यात दरेकसा स्थानकाजवळ, डोंगरगडकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या शेजारी हा धबधबा आहे. आमगावहून सालेकसामार्गे तेथे सहज जाता येते. जवळच कचारगडच्या गुहा असून गोंड समाजाचे ते मोठे श्रद्धास्थान आहे. माघ पौर्णिमेला तेथे देशभरातून गोंड बांधव येतात. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत हाजरा पाहण्यासारखा असतो.

तथापि धबधब्याखालचा डोह आणि शहरातील जलतरण तलाव यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दरवर्षी पावसाळ्यात महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून डोहात बुडून तरुण दगावल्याची वृत्ते येतात. त्यांत पोहता येणारेही असतात. याची कारणे समजून घेतली पाहिजेत. धारेखालचे पाणी खाली जाऊन पुन्हा धारेकडेच फिरते. त्या भोवऱ्यात सापडलेला माणूस काठाकडे येण्याची धडपड करूनही तेथेच राहतो. खडकावरच्या शेवाळावर पाय घसरून डोक्याला मार लागतो. डोंगरमाथ्यावर पाऊस पडला तर खाली ऊन असतानाही काही क्षणांत पाणी चढते; पाणी अकस्मात गढूळ झाले, त्यातून पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या की ताबडतोब बाहेर पडावे.

गावच्या तलावाचे धोके निराळे आहेत. पाळीच्या बाजूला पाणी एकदम खोल असते. तळाशी गाळ असतो, त्यात पाय रुततो. कमळाचे देठ व पाणवेली पायांभोवती गुंडाळतात आणि माणूस जितका झटका देतो तितक्या त्या आवळतात. तुडुम उघडे असेल तर त्याच्या तोंडाशी पाणी जोराने ओढले जाते. म्हणून गावकरी नेहमी ज्या घाटावर अंघोळ करतात तेथेच, त्यांना विचारूनच आणि कमरेपेक्षा कमी पाण्यात उतरावे. कोणी बुडताना दिसला तर पोहण्यात तरबेज नसलेल्याने उडी घेऊ नये; दोर, ओढणी, लांब काठी किंवा हवा भरलेली ट्यूब फेकावी आणि ११२ क्रमांकावर कळवावे. एकाला वाचविण्याच्या नादात घरातले दोघे-तिघे जाण्याचे प्रसंग याच चुकीमुळे घडतात.

दुसरी सावधगिरी रस्त्याची. नवेगाव आणि नागझिरा यांच्यामधून महामार्ग जातो आणि गोंदिया-कोहमारा रस्ताही जंगलातून जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये याच रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात भरधाव कारच्या धडकेने एक तरुण वाघ मृत्युमुखी पडला. चालक कोणी शिकारी नव्हता. लवकर पोचण्याची घाई असलेला सर्वसाधारण प्रवासी होता. वसुलीला, लग्नाला किंवा माल पाहायला निघालेल्या प्रत्येक गाडीला ही घाई असते. जंगलाच्या पट्ट्यात, विशेषतः सायंकाळनंतर, वेग निम्मा केला तर पंधरा-वीस मिनिटांचाच फरक पडतो.

सारसाचे जोडपे

महाराष्ट्रात सारस क्रौंच आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच आढळतो. माणसाच्या उंचीचा, राखी रंगाचा, लाल मानेचा हा पक्षी उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच मानला जातो. त्याचे जोडपे दीर्घकाळ एकमेकांची साथ सोडत नाही. पावसाळ्यात ते तलावाच्या उथळ काठाला किंवा थेट धानाच्या बांधीत घरटे करते आणि मादी बहुधा दोन अंडी घालते. परसवाडा, झिलमिली या तलावांच्या परिसरात सारस पाहायला मिळतात. ‘सेवा’ या गोंदियातील संस्थेचे कार्यकर्ते, वनविभाग आणि गावकरी मिळून त्यांची गणना करतात. जिल्ह्यातील सारसांचा आकडा काही डझनांपलीकडे जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वृत्तपत्रातील बातमीची स्वतःहून दखल घेऊन सारस संरक्षणासाठी प्रशासनाला धारेवर धरले होते.

सारसाला तीन गोष्टी मारतात : आटणारे तलाव, शेतातली जहाल कीटकनाशके आणि उघड्या वीजतारा. पहिल्या दोहोंचा संबंध थेट धानाशी आहे. ज्या बांधीत घरटे आहे तेवढा तुकडा कापणीत सोडून देणारे शेतकरी या जिल्ह्यात आहेत. त्यांचे उत्पन्न मोठे नसते. तरी ते काही पायल्या धानाचा तोटा सोसतात. अशा शेतकऱ्याचा माल घेताना व्यापाऱ्याने दोन पैसे अधिक दिले, तर जीवदयेचा याहून सोपा मार्ग शोधूनही सापडणार नाही.

मुद्दल राखण्याचा प्रश्न

जुन्या मध्य प्रांतातील मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली. मालगुजाराच्या जुलमातून रयत सुटली, हे योग्यच झाले. मात्र त्याच झटक्यात तलाव सरकारकडे गेले आणि दरवर्षी उन्हाळ्यात गावाने मिळून गाळ काढण्याची, पाळ चोपण्याची रीत हळूहळू मोडली. सर्वांचा झालेला तलाव प्रत्यक्षात कोणाचाच राहिला नाही. गाळ साचला, काठावर अतिक्रमणे झाली आणि ‘बेशरम’ नावाच्या परदेशी झुडपाने उथळ पाणी गिळले.

चित्र सर्वस्वी निराशाजनक मात्र नाही. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ या संस्थेने ढीवर समाजाच्या साथीने काही तलावांतील बेशरम मुळासकट काढली आणि तेथे देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर रुजते, तिच्या आश्रयाने कोणते पक्षी येतात, हे ज्ञान ढीवर स्त्री-पुरुषांकडे होते. त्याला कोणी विचारले नव्हते, एवढेच. २०१७ पासून राज्य शासनाच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेत तलावातील गाळ काढून तो शेतात टाकण्याची सोय झाली आहे. तलाव खोल होतो आणि शेताला सुपीक माती मिळते.

येथे व्यापारी कुटुंबांना करण्यासारखे बरेच आहे. धर्मशाळा, पाणपोई, गोशाळा आणि दवाखाने यांसाठी या समाजाने मुक्तहस्ते दान दिले आहे. एका उन्हाळ्यात एका बोडीचा गाळ काढण्यासाठी यंत्राचे डिझेल आणि वाहतुकीचा खर्च देणे हे त्याच परंपरेतले काम आहे. ग्रामपंचायतीची संमती घ्यावी, हिशेब चावडीवर लावावा आणि कोनशिलेचा आग्रह सोडावा. पाऊस पडला की काम किती झाले हे पाण्यावरूनच सर्वांना दिसते.

सहलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ पक्ष्यांच्या दृष्टीने उत्तम आणि एप्रिल-मे हा प्राण्यांच्या दृष्टीने. आमगाव किंवा गोंदिया येथे नातेवाईक असतील तर मुक्काम त्यांच्याकडे करून तीन दिवसांत हाजरा, नागझिरा आणि नवेगावबांध पाहता येते. मुलांना एका दिवशी तलावाच्या पाळीवर पायी न्यावे, एका बाजूला साठलेले पाणी आणि दुसऱ्या बाजूला त्यावर पोसलेली धानाची बांधी दाखवावी आणि त्यांच्या घरच्या गिरणीत येणारे पोते कोठून निघाले ते सांगावे.